जपानला निघण्यापूर्वी

पूर्वी आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचे सामान पाहण्याजोगे असे. एक पत्र्याची ट्रंक, अंथरुणाची वळकटी, फिरकीचा तांब्या, एखादा कंदील आणि फडक्यात बांधलेली दशम्यांची शिदोरी. वाटेत अंथरूण मिळेल की नाही, पाणी मिळेल की नाही, याचा भरवसा नसल्यामुळे माणूस जणू अर्धे घरच बरोबर घेऊन निघे. आता वळकट्या आणि कंदील दिसेनासे झाले. तरीही परगावी, आणि त्यातून परदेशी जाताना सामान बांधणे हे काम पूर्वीइतकेच विचाराचे राहिले आहे. पूर्वी वाटेत काय मिळणार नाही, हा एकच प्रश्न असे. आता वाटेत काय चालणार नाही, हा दुसरा प्रश्नही त्याच्या जोडीला आला आहे.

समजा, उन्हाळ्याची सुटी लागली आहे आणि तुमच्या घरची मंडळी दहा दिवसांसाठी जपान पाहण्यास निघणार आहेत. आई, वडील, आजी, तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण. टोकियोत वडिलांचे एक जपानी स्नेही राहतात. एक दिवस त्यांच्या घरीही जेवावयास जायचे आहे. जपान हा आपल्याप्रमाणेच आशिया खंडातला देश. तेथेही माणसे भात खातात, घरात शिरताना पादत्राणे दाराशी काढतात आणि देवळात हात धुऊन जातात. इतके साम्य असूनही सामान बांधताना हा देश आपल्याला पावलोपावली थांबवतो आणि विचार करावयास लावतो. म्हणूनच उदाहरणादाखल तो घेतला आहे.

तारीख ठरवतानाच पहिला विचार करावा लागतो. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानात एकामागून एक सणांच्या सुट्या येतात. त्या दिवसांत सारा देशच प्रवासाला बाहेर पडतो. गाड्यांत जागा मिळत नाही आणि उतरण्याच्या जागांचे भाडे वाढते. जून उजाडला की तेथेही पावसाळा सुरू होतो. तेव्हा मे महिन्याचा मधला पंधरवडा उत्तम.

सामान बांधण्याचा आरंभ कपड्यांच्या कपाटापासून करायचा नसतो. तो कागदपत्रांपासून करायचा असतो. त्यांत पहिला मान पासपोर्टचा, म्हणजे पारपत्राचा. 'हा माणूस आमचा नागरिक आहे,' अशी एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाच्या सरकारला करून दिलेली ओळख म्हणजे पारपत्र. आपल्याकडे ते १९६७ सालच्या कायद्याप्रमाणे दिले जाते. धाकट्या बहिणीलाही स्वतःचे निराळे पारपत्र लागते; ते आईच्या पारपत्रात मावत नाही. मोठ्यांचे पारपत्र दहा वर्षे चालते, पण लहान मुलांचे साधारणपणे पाचच वर्षे. त्यामुळे 'मागे काढले होते की!' असे म्हणून स्वस्थ बसू नये. कपाटातून काढून त्यावरील तारीख डोळ्यांनी वाचावी. प्रवासाच्या दिवसापासून पुढे सहा महिने तरी मुदत शिल्लक असली पाहिजे, असा अनेक देशांचा नियम आहे. पारपत्रावर नाव जसे छापले आहे, अगदी तसेच ते तिकिटावर यावे लागते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिहेरी नावे असतात. त्यांतले एखादे गाळले गेले किंवा त्यांची उलटापालट झाली, म्हणजे विमानतळावर खोळंबा होतो.

पारपत्र आपले सरकार देते. पण आत येऊ द्यावे की नाही, हे जायच्या देशाने ठरवायचे असते. त्याची ती परवानगी म्हणजे व्हिसा. जपानच्या व्हिसासाठी अर्ज करताना कोणत्या दिवशी कोठे जाणार व कोठे राहणार, याचे तारीखवार टिपण द्यावे लागते. हे टिपण करण्याचे काम तुम्ही मुलांनी आपणहून मागून घ्यावे. नकाशा पुढे ठेवून टोकियो, क्योतो, ओसाका अशी गावे जुळवीत गेले, म्हणजे निघण्यापूर्वीच अर्धा प्रवास पदरात पडतो.

कागदपत्रे, पैसे, कपडे आणि पत्ता या साध्या गोष्टींवाचून थोरामोठ्यांचेही केवढे हाल होतात, हे स्वामी विवेकानंदांच्या चरित्रात पाहावयास मिळते. ३१ मे १८९३ रोजी स्वामीजी मुंबईहून बोटीने निघाले. शिकागो येथे भरणाऱ्या सर्वधर्म परिषदेत त्यांना बोलायचे होते. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशी बंदरे घेत ते जपानला पोहोचले. तेथे ओसाका, क्योतो व टोकियो ही शहरे त्यांनी पाहिली आणि योकोहामा बंदरातून पुढची बोट धरली. महिना जुलैचा होता, पण पॅसिफिक महासागरावरचा वारा अंग गोठवणारा होता, आणि स्वामीजींपाशी पुरेसे उबदार कपडे नव्हते. हिंदुस्थानातील उन्हाळ्यात गाठोडे बांधणाऱ्या भक्तांच्या मनात त्या थंडीचा विचार यावा तरी कसा! कुडकुडत त्यांनी तो समुद्र ओलांडला.

शिकागोला पोहोचल्यावर त्याहून मोठी अडचण पुढे उभी राहिली. परिषद सप्टेंबरात भरणार होती. म्हणजे अजून महिन्याहून अधिक अवकाश होता. शिवाय एखाद्या मान्य संस्थेचे ओळखपत्र असल्यावाचून कोणालाही प्रतिनिधी म्हणून घेत नव्हते, आणि नावे नोंदवण्याची मुदतही संपून गेली होती. शिकागो शहर महागडे. जवळचे पैसे भराभर आटू लागले, तेव्हा तेथल्यापेक्षा कमी खर्चात राहता येईल म्हणून ते बोस्टनकडे गेले. तेथे हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन राइट यांची त्यांच्याशी गाठ पडली. स्वामीजींच्या विद्वत्तेने राइट थक्क झाले व त्यांनी परिषदेच्या चालकांना स्वतः पत्र लिहून दिले. ओळखपत्राची अडचण अशी सुटली. परंतु चरित्रकार सांगतात की, शिकागोला परत येताना परिषदेच्या कार्यालयाचा पत्ता लिहिलेला कागदच हरवला! परके शहर, रात्रीची वेळ आणि वाट सांगणारे कोणी नाही. ती रात्र स्वामीजींनी रेल्वेच्या आवारातील एका रिकाम्या डब्यात काढली. दुसऱ्या दिवशी एका दयाळू गृहिणीने त्यांना घरात घेतले व परिषदेच्या ठिकाणी पोहोचवले. ११ सप्टेंबर रोजी त्यांनी केलेले भाषण साऱ्या जगाने वाखाणले, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

स्वामीजींच्या अंगी जे तेज होते, त्याच्या बळावर ते या सर्व संकटांतून पार पडले. आपल्यासारख्यांनी मात्र पत्त्याचा कागद जपून ठेवलेला बरा. जपानात तर उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता जपानी लिपीतच लिहून घ्यावा. रोमन लिपीतला पत्ता पुष्कळ ठिकाणी चालतो. पण गल्लीतल्या वृद्ध दुकानदारापुढे किंवा टॅक्सीवाल्यापुढे जपानी अक्षरांचा कागद धरला की क्षणात काम होते. असा एकेक कागद घरातल्या प्रत्येकाच्या खिशात हवा, धाकट्या बहिणीच्या तर हवाच हवा. गर्दीत चुकामूक झाली, तर तिने जवळच्या पोलीस चौकीत जाऊन तो दाखवावा. अशा छोट्या चौक्या जपानी शहरांत ठिकठिकाणी असतात आणि वाट दाखवणे हे तेथल्या शिपायांचे रोजचेच काम आहे. कागदाच्या मागल्या बाजूस दोन आकडे लिहून ठेवावेत : पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. पारपत्रांच्या दोन-दोन प्रती काढून त्या मूळ पारपत्रांपासून निराळ्या पिशवीत ठेवाव्यात, हे वडिलांना आठवणीने सांगा.

आता कपडे. मुंबईत मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असतात. त्या वेळी स्वेटर हातात घेणेसुद्धा नको वाटते. त्यामुळे तो घरीच राहण्याचा संभव फार. टोकियो हे शहर मुंबईच्या बरेच उत्तरेस, सुमारे ३५ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्यात तेथे दुपारी साधारण २३-२४ अंश आणि पहाटे १५ अंशांच्या आसपास तापमान असते. म्हणजे आपल्याकडील पौषातली हवा म्हणा ना! तातेयामा पर्वताकडे गेलात, तर मे महिन्यातही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या कितीतरी पट उंच अशा बर्फाच्या भिंती उभ्या असतात. एवढ्यासाठी जाडजूड कोट नेण्याचे मात्र कारण नाही. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले, तर त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते आणि ती अंगातील ऊब बाहेर जाऊ देत नाही. उकडू लागले की वरचा थर उतरवून ठेवता येतो. दहा दिवसांसाठी दहा पोशाख घेऊ नयेत. पाच पुरतात, मध्ये एकदा धुतले म्हणजे झाले.

पायांकडे विशेष लक्ष द्यावे. जपानात घर, देऊळ, जुन्या पद्धतीची खाणावळ अशा अनेक ठिकाणी जोडे काढावे लागतात. त्यामुळे घालावयास व काढावयास सोपे, पण दिवसभर चालता येईल असे बूट हवेत. आणि मोजे? फाटके मोजे बुटात झाकून जातात, अशा भरवशावर आपण असतो. वडिलांच्या स्नेह्यांच्या घरी चटईवर बसल्यावर मात्र मोज्यातून बाहेर डोकावणारा अंगठा सर्वांनाच दिसेल.

यानंतर एका नाजूक प्रकरणाकडे वळावयाचे आहे. मे महिना म्हणजे हापूस आंब्याचा भर. घरात गवताच्या अढीत आंबे पिकत घातलेले आहेत, वासाने माजघर दरवळले आहे, आणि आजी म्हणते, "एवढ्या लांब कोणाच्या घरी जेवायला जायचे ते रिकाम्या हाताने? डझनभर आंबे घेऊन जाऊ." आजीचे म्हणणे आपल्या रीतीला धरूनच आहे. तथापि हे आंबे जपानच्या विमानतळापलीकडे जाऊ शकणार नाहीत. बाहेरून आलेल्या सामानाचा वास घेत फिरणारे शिकवलेले कुत्रे तेथे असतात. आकाराने लहान, लांब कानांचे आणि दिसावयास गोजिरवाणे असे ते असतात. पण फळाचा किंवा मांसाचा वास आला की त्या पिशवीपाशी ठाण मांडून बसतात.

एका डझनाने त्या देशाचे काय बिघडते, असे आजीला वाटेल. ते समजण्यासाठी फळमाशीची गोष्ट ऐकली पाहिजे. ही माशी फळाच्या सालीखाली अंडी घालते. वरून फळ निर्मळ, सुरेख दिसते. आत अळ्या गर खात असतात. असे एक फळ नव्या मुलखात पोहोचले आणि त्यातून माश्या बाहेर पडल्या, म्हणजे पाहता पाहता बागाच्या बागा नासतात. जपानने हे स्वतः भोगले आहे. त्याच्या दक्षिण टोकाला ओकिनावा नावाचा द्वीपसमूह आहे. तेथे काकडी, कारली, टरबूज यांवर पडणारी एक फळमाशी शिरली. ती पुढे पसरू नये म्हणून त्या बेटांवरील कारली-काकड्या देशाच्या इतर भागांत पाठवण्यास बंदी घालावी लागली. म्हणजे आपल्याच देशात आपलाच भाजीपाला विकता येईना! बिचाऱ्या शेतकऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा.

या माशीवर जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ पासून मोठी विलक्षण मोहीम चालवली. त्यांनी माश्या मारण्याऐवजी त्या वाढवावयास सुरुवात केली! कारखान्यात कोट्यवधी माश्या पाळून त्यांवर किरणांचा प्रयोग केला, त्यामुळे त्यांना पिल्ले होणे बंद झाले. मग त्या माश्या हेलिकॉप्टरमधून बेटांवर सोडल्या. रानातल्या माद्यांची जोडी अशा नरांशी जमली की त्यांची अंडी उबत नसत. पिढीमागून पिढी माशीची संख्या घटत गेली. एकूण पाच हजार कोटींहून अधिक माश्या सोडाव्या लागल्या, तेव्हा कोठे १९९३ साली ही फळमाशी त्या बेटांवरून नाहीशी झाली. वीस वर्षांची ही तपश्चर्या एका प्रवाशाच्या पिशवीतील एका किडक्या फळाने वाया जाऊ शकते. विमानतळावरचा तो कुत्रा कशासाठी बसलेला असतो, हे आता आजीलाही पटावे.

भारतातील आंब्यांनाही फळमाशीच्या भीतीने जपानने सुमारे वीस वर्षे मज्जाव केला होता. तो २००६ साली उठला, पण एका अटीवर. फळ गरम वाफेत ठेवून त्याच्या गाभ्यापर्यंत ४७ अंशांहून अधिक उष्णता पोहोचवायची, म्हणजे आत अंडी वा अळ्या असल्या तरी मरतात. मग तपासणी करून दाखला घ्यायचा. व्यापाऱ्यांच्या पेट्या अशा रीतीने जातात. आजीच्या अढीतल्या आंब्यांना असा दाखला कोठून आणणार? त्यावर माझ्या मते उत्तम तोड म्हणजे आंबापोळी. रस उन्हात पूर्ण वाळवलेला असतो, त्यामुळे तीत माशी जगण्याची भीती नाही. दुकानातली नीट बंद केलेली आंबापोळी घ्यावी आणि विमानतळावर विचारलेच, तर न लपवता दाखवावी. कोकणची गोडी टोकियोला पोहोचेल आणि आजीचाही शब्द राहील.

आजीच्या फराळाच्या डब्यांतून आणखी एक जिन्नस काढून ठेवावा लागेल, तो म्हणजे सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. खोबऱ्यात तेल फार. बंद जागेत साठवलेले खोबरे आतल्या आत तापू लागते व कधी कधी आपोआप पेट घेते. म्हणून विमानात ते धोक्याच्या वस्तूंत गणले जाते. ज्या खोबऱ्याच्या वाटीवाचून आपले मंगलकार्य होत नाही, तिला विमानात बसू देत नाहीत, हे ऐकून आजी बोटे मोडील. पण नियमाला कारण आहे.

विमानातील इतर नियमांनाही अशीच कारणे आहेत. जवळच्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून कोणताही पातळ पदार्थ नेता येत नाही. तूप आणि लोणचेही त्यात आले. ऑगस्ट २००६ मध्ये पेयांच्या बाटल्यांत स्फोटक द्रव लपवून विमाने उडवून देण्याचा एक कट इंग्लंडच्या पोलिसांनी उघडकीस आणला. तेव्हापासून हा निर्बंध आला. उलट मोबाइल भारित करण्याची पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवू नये. ती हातातील पिशवीतच ठेवावी. तिच्यातील लिथियमच्या घटाने पेट घेतला, तर प्रवाशांच्या डब्यात ती आग लगेच दिसते व विझवता येते. खाली सामानाच्या कोठारात लागलेल्या आगीपर्यंत उडत्या विमानातून कोण पोहोचणार?

औषधांच्या बाबतीत फार सावध राहावे. आपल्याकडे सर्दी-पडशावर सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचे द्रव्य असते. ते दहा टक्क्यांहून अधिक असलेले औषध जपानात आणण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यापासून अमली पदार्थ तयार करता येतात. तेव्हा घरच्या डब्यातली ओळखीची गोळी उचलून पिशवीत टाकली, असे करून चालत नाही. डॉक्टरांकडे यादी नेऊन प्रत्येक औषधातील द्रव्ये तपासून घ्यावीत. आजीची रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातील पिशवीत ठेवावीत. एका महिन्याहून अधिक पुरतील इतकी नेऊ नयेत.

आईने चहासाठी विजेची किटली काढून ठेवली असेल, तर तीही परत कपाटात जाऊ द्या. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, जपानात तो अवघा १०० व्होल्ट. दाब निम्म्याहून कमी झाला, तर उष्णताही साधारण निम्म्याने कमी होईल, असे तुम्हांला वाटेल. परंतु दाब कमी झाला की प्रवाहही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि उष्णता या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. गणित करून पाहा : आपली किटली तेथे एक पंचमांशाहूनही कमी उष्णता देईल. चहाचे आधण यावयास दुपार व्हायची! याच्या उलट, तेथे केवळ १०० व्होल्टांसाठी बनवलेले यंत्र हौसेने विकत आणून आपल्या भिंतीला जोडले, तर ते जळून जाईल. मोबाइलचे चार्जर मात्र बहुधा दोन्ही दाबांवर चालतात. त्यांवर बारीक अक्षरांत १०० ते २४० असे लिहिलेले असते, ते वाचावे. आपल्या गोल दांड्यांची खुंटी तेथील चपट्या भोकांत बसत नाही, म्हणून जोडखुंटी न्यावी. मौज अशी की, विजेच्या प्रवाहाचे आंदोलनही जपानात सर्वत्र सारखे नाही. टोकियोकडे ते सेकंदाला ५० आणि ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मनीतून यंत्रे आणली आणि ओसाकाने अमेरिकेतून. ती दुफळी आजवर टिकून आहे.

आता किरकोळ वस्तू. प्रत्येकाच्या खिशात हातरुमाल हवा. सार्वजनिक ठिकाणी हात धुतल्यावर पुसावयास तेथे पुष्कळदा काहीच नसते. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी ठेवावी. जपानचे रस्ते आरशासारखे स्वच्छ, पण कचऱ्याची पेटी शोधूनही लवकर सापडत नाही. लोक आपला कचरा आपल्या घरी घेऊन जातात. सुट्या नाण्यांसाठी छोटा बटवा न्यावा. तेथील पाच आणि पन्नास येनच्या नाण्यांना मध्यभागी भोक असते. आपल्याकडेही १९४३ पासून काही वर्षे असा भोकाचा पैसा पाडत असत. घरातल्या जुन्या डब्यात एखादा असल्यास बरोबर घ्या, जपानी मुलांना दाखवावयास होईल.

आंबापोळीचा डबा कशात बांधावा? साध्या कागदी पिशवीत नको. जपानी लोक भेटवस्तू चौकोनी रंगीत कापडात सुबकपणे बांधून देतात. त्या कापडाला ते 'फुरोशिकी' म्हणतात. पूर्वी सार्वजनिक स्नानगृहात जाताना कपडे अशा कापडात बांधून नेत, म्हणून त्याच्या नावात स्नानाचा उल्लेख आहे. आपल्या आजीलाही चौकोनी फडक्यात डबा बांधून वर सुरेख गाठ मारता येते. तेव्हा पैठणीच्या जुन्या तुकड्याचे एक फडके शिवून घ्यावे आणि गाठ आजीनेच मारावी. हे काम शिकून घ्यावयाचे असेल, तर तिच्याजवळ बसून शिकून घ्या.

सगळे जमले की बॅग भरावी आणि वजन करावे. किती किलो नेता येईल, ते तिकिटावर लिहिलेले असते. घरी वजनकाटा असल्यास आधी एकट्याने उभे राहावे, मग बॅग उचलून उभे राहावे. वजाबाकी केली की बॅगेचे वजन निघते. एक बॅग सहसा ३२ किलोंहून जड चालत नाही, कारण ती उचलणाराही माणूसच असतो. वजनाप्रमाणे मापही घ्या. टोकियोहून ओसाकाकडे जाणाऱ्या वेगवान शिंकान्सेन गाडीत लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक असलेल्या बॅगेसाठी २०२० पासून जागा आधी राखून ठेवावी लागते. खरे सांगायचे तर जाणते प्रवासी मोठी बॅग गाडीत नेतच नाहीत. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला सामान घरपोच करण्याची उत्तम सोय जपानात १९७६ पासून आहे. बॅग तिच्या स्वाधीन करावी आणि आपण एका दिवसाचे कपडे घेऊन मोकळ्या हातांनी फिरावे. बॅगेचा चौथा हिस्सा जाताना रिकामाच ठेवा. येताना तो रिकामा राहत नाही, हे सांगावयास नको.

राहता राहिले घर. दूध व वर्तमानपत्र बंद करणे, गॅसची कळ फिरवणे, नळ तपासणे ही कामे मोठी माणसे करतील. तुळशीला पाणी घालण्याचे शेजारच्या काकूंना तुम्ही जाऊन सांगून या. निघण्याच्या दिवशी आपल्या घड्याळात साडेतीन तास मिळवून पाहा : आपण दुपारी बारा वाजता पानावर बसतो, तेव्हा टोकियोत साडेतीन वाजलेले असतात.

विमान रात्रीचे आहे. अढीतले आंबे दहा दिवस टिकणार नाहीत. म्हणून त्या दुपारी आमरसाचा बेत करावा, सर्वांनी पोटभर जेवावे, आणि उरलेले चार आंबे घराच्या किल्लीबरोबर काकूंच्या हाती द्यावेत.